पवनचक्कीचा हिशेब सरासरी वाऱ्यावर होत नाही

मा. संपादक,

मागील अंकातील लेखाने पवनचक्कीची कार्यक्षमता स्प्रेडशीटवर मांडणे निरुपयोगी ठरवले आहे. दोष स्प्रेडशीटचा नाही, तीत भरलेल्या आकड्यांचा आहे.

लेखकाने कार्यक्षमता ७० टक्के धरली. उघड्या पात्यांना वाऱ्यातली जास्तीत जास्त ५९.३ टक्के ऊर्जा घेता येते, हे जर्मनीच्या आल्बर्ट बेट्झ यांनी १९२० मध्येच मांडले होते. पात्यांमागून हवा वाहती राहिलीच पाहिजे. ती पुरती अडवली तर चक्रच थांबेल.

दुसरी चूक अधिक गंभीर. वर्षभराच्या वाऱ्याची सरासरी काढून तिचा घन केला आहे. ऊर्जा वेगाच्या घनाप्रमाणे बदलते, म्हणून आधी घन आणि मग सरासरी हाच क्रम हवा. निम्मा वेळ सेकंदाला ४ मीटर आणि निम्मा वेळ ८ मीटर वारा असेल, तर सरासरी ६ आणि तिचा घन २१६. प्रत्यक्ष घनांची सरासरी मात्र २८८, म्हणजे तब्बल एक तृतीयांश अधिक! चाळकेवाडीच्या पठारावर पावसाळी वारा आणि हिवाळी वारा यांत केवढा फरक असतो, हे सातारकरांना सांगायला नको.

गिअरबॉक्स आणि जनित्रातली घट लेखकाने दाखवली, ती बरोबर. पण तिच्यासाठी वेगळा रकाना लागतो.

तक्ता दुरुस्त करून पुन्हा छापावा.

– एक वाचक, सातारा