तालमीचे दार

दरवर्षी १२ जानेवारीस सिंदखेडराजा येथे जिजाऊंच्या जन्मस्थानी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून माणसे लोटतात. अशा मिरवणुकांतून आता मुलीही लाठीकाठी फिरवताना, दांडपट्टा चालवताना दिसू लागल्या आहेत, याचा कोणाही पुरोगामी माणसास आनंदच व्हावा. परंतु मिरवणूक संपली, फेटे उतरले, की त्या मुलींना गावात सरावासाठी जागा असते काय? गावच्या तालमीचे दार त्यांना उघडे असते काय? मर्दानी खेळांचे कौतुक करणाऱ्या प्रत्येकाने, आणि त्यात आमचे कार्यकर्तेही आले, हा प्रश्न स्वतःस विचारावयास हवा.

तालीम म्हणजे केवळ दंड-बैठका नव्हेत. तिने कमावलेली ताकद समाजात कोणाच्या बाजूने उभी राहिली, यावरून तिची किंमत ठरते. याचे सर्वांत बोलके उदाहरण शंभर-दोनशे वर्षांपूर्वी पुण्याच्या गंज पेठेत घडले. लहुजी राघोजी साळवे या मांग समाजातील वस्तादाने तेथे तालीम चालविली. लहुजींचे वडील राघोजी १८१७ साली खडकीच्या लढाईत इंग्रजांशी लढताना पडले, असे सांगतात. मुलाने शस्त्रविद्या पुढच्या पिढीच्या हाती दिली, आणि त्यांच्याकडे दांडपट्टा व निशाणबाजी शिकावयास येणाऱ्यांत जोतीराव फुले हेही होते. ज्या काळी मांगाच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्या काळी माळ्याच्या मुलाने मांग वस्तादाचे शिष्यत्व पत्करावे, ही घटना स्वतःच एक छोटीशी क्रांती होती. आखाड्याच्या मातीला जात विचारण्याची सवय नसते, निदान नसावी.

पुढे १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली आणि नंतर अस्पृश्य मुलांसाठी शाळा सुरू केल्या, तेव्हा लहुजी आणि राणबा महार यांनी आपापल्या समाजातील आईबापांस मुले शाळेत पाठविण्यास राजी केले. शाळेची राखण करावयासही तालमीतील गडी उभे राहत, अशी परंपरा आहे. शाळेला विटा-चुना लागतो, मास्तर लागतो, आणि गावगुंडांनी दगड मारू नयेत यासाठी कोणाचे तरी मनगटही लागते, हे आमच्या शिक्षणसंस्थांच्या स्मरणिकांत क्वचितच लिहिलेले आढळते! याच शाळेत तीन वर्षे शिकलेल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीने १८५५ साली ‘ज्ञानोदया’त निबंध लिहून महार-मांगांच्या दुःखाला वाचा फोडली आणि ज्ञानाच्या मक्तेदारांना जाब विचारला. ती लहुजींच्या नात्यातली होती, असे मानले जाते. नाते रक्ताचे असो वा नसो, त्या लेखणीच्या मागे एका वस्तादाचा आधार उभा होता, एवढे निश्चित.

बुलढाणा जिल्ह्याला हा इतिहास परका नाही. चिखलीचे सत्यशोधक कार्यकर्ते पंढरीनाथ पाटील यांनी १९२७ साली जोतीरावांचे चरित्र लिहून प्रसिद्ध केले. पुण्याच्या विद्वानांना जे काम सुचले नाही ते वऱ्हाडातील एका कार्यकर्त्याच्या हातून झाले, हा या जिल्ह्याचा मान आहे. ज्या मातीत ते चरित्र जन्मले, तेथील आखाड्यांनी लहुजींचा वारसा विसरावा, हे खेदकारक होईल.

शेजारच्या अमरावतीत १९१४ साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने दुसरा रस्ता दाखविला. आखाडा शिक्षणसंस्था झाला, आणि १९३६ साली मंडळाच्या पथकाने बर्लिनच्या ऑलिम्पिकमध्ये कबड्डीसह देशी खेळांचे प्रात्यक्षिक केले. आणखी एक गोष्ट: १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाने मुले-मुली आणि सर्व जातींचे सैनिक एकाच मैदानावर कवायतीस उतरविले. त्या काळी ही रीत अनेकांना खटकली. आज ती आपल्याच घरात विस्मरणात जाऊ लागली आहे.

आज या जिल्ह्यातील तेराही तालुक्यांत पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले दिसतात. पोलीस भरतीची सोळाशे मीटरची धाव त्यांच्या डोळ्यांसमोर असते. सोयाबीन-कापसाच्या भावाने घर चालत नाही, म्हणून ही धाव. त्यांच्यात हुन्नर आहे, कष्ट आहेत, पण बहुतेकांना ना मैदान, ना वस्ताद. याच बेकारीच्या पोटातून दुसरी वाटही निघते. पुढाऱ्याला मिरवणुकीत छाती काढून चालणारे तरुण हवे असतात. तो तालमीला वजने देतो, फलकावर आपला फोटो लावतो, आणि सणासुदीला तीच पोरे दुसऱ्या धर्माच्या वस्तीसमोर घोषणा देत उभी करतो. जी मनगटे लहुजींनी शाळेच्या दारात राखणीला उभी केली, ती दंगलीच्या दारात उभी राहतात. दोष त्या पोरांचा कमी आहे, मातीचा तर मुळीच नाही. दोष आहे तालीम दुसऱ्याच्या पैशावर सोडून देणाऱ्या आपल्या उदासीनतेचा.

शासनाची व्यायामशाळा विकास योजना आहे. तिच्यातून बांधकाम व साहित्य मिळते, आणि पुष्कळ ठिकाणी त्या इमारतीस कुलूपच पाहावयास मिळते. वस्तादाशिवाय आखाडा म्हणजे मास्तराविना शाळाच. वस्तादाला मानधन मिळावे आणि त्याच्या बदल्यात ग्रामपंचायतीने तीन अटी घालाव्यात: सर्व जातिधर्मांस प्रवेश, मुलींसाठी राखीव वेळ, आणि आपत्तीच्या प्रसंगी गावाच्या हाकेला ओ देणारे पथक. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टीने घरेदारे पाण्यात गेली, तेव्हा अशी पथके गावोगाव तयार असती तर काय झाले असते, याचा विचार त्या भागातील वाचकांनीच करावा.

येत्या ग्रामसभेत आमच्या कार्यकर्त्यांनी हा ठराव मांडावा. आपल्या गावच्या व्यायामशाळेची किल्ली कोणाकडे आहे, हे त्याआधी शोधून काढावे.