प्रस्तावनेतली हिंगोली

हिंगोलीच्या बाजारात हरीसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचाही त्याच्याशी व्यवहार असे. एकदा त्याने मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे मुंबईहून कापड आणायचा परवाना मागितला. कापड वाटेवर होतंच, पण ते हिंगोलीपासून जवळच्याच एका गावच्या व्यापाऱ्याचं होतं आणि तो स्वतः मालासोबत येत होता. हरीसिंगाने त्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना वाटेत संपवलं, साहेबाच्या परवान्यावर माल गावात आणला आणि छावणीत राजरोस विकला. पुढे पकडला गेल्यावर त्याने स्वतःच सांगितलं, तेव्हा हे उघड झालं.

ही हकिकत फिलिप मेडोज टेलरने लिहून ठेवली आहे. टेलर निजामाच्या नोकरीतला अधिकारी. पुढे तो नळदुर्गला कारभार पाहायला होता आणि ‘तारा’ ही त्याची कादंबरी तुळजापुरात सुरू होते, म्हणजे मराठवाड्याचा तसा जुना ओळखीचा माणूस. त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी १८३९ साली लंडनमध्ये निघाली आणि तिकडे खूप गाजली. हिंदुस्थानातल्या गुन्ह्यांवर इंग्रजीत लिहिलेल्या पहिल्या कादंबऱ्यांपैकी ही एक, आणि तिच्या प्रस्तावनेत आपली हिंगोली आहे. हरीसिंगाच्या ठगांच्या टोळीने छावणीच्या बाजारातच, मुख्य पहाऱ्यापासून शंभरेक यार्डांवर माणसं मारली, असं टेलर सांगतो. माफीचे साक्षीदार एकेक जागा शांतपणे दाखवत गेले. नदीला मिळणाऱ्या, चरापेक्षा रुंद नसलेल्या एका कोरड्या ओढ्यात खड्डे उकरले गेले. एकेका खड्ड्यात कैक प्रेतं निघाली. टेलर तिथे उभा होता. शेवटी सगळ्यांना शिसारी आली आणि शोध थांबवला गेला.

हे वाचल्यापासून कयाधू नदीच्या बाजूला कुठलाही कोरडा नाला दिसला की माझी पावलं थबकतात. ज्यांना त्या ओढ्यात पुरलं, त्या माणसांची नावं प्रस्तावनेत नाहीत. मारला गेलेला कापडाचा व्यापारीही तिथे बिननावाचाच राहिला.

त्या कादंबरीची बांधणी नीट पाहावी. अमीर अली हा कैदेतला ठग आपली कहाणी सांगतो आणि साहेब ऐकतो. एतद्देशीयाने कबुली द्यायची आणि साहेबाने प्रश्न विचारायचे, हा तिचा साचा. कायद्याचाही साचा तोच होता. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने माणूस ठगांच्या टोळीतला होता एवढं सिद्ध झालं की जन्मठेप देता येऊ लागली. कोणता खून, कधी, कुठे, हे सिद्ध करायची गरज उरली नाही आणि पुरावा बहुतांशी माफीच्या साक्षीदारांचा. हरीसिंग निर्दोष होता असं मी म्हणत नाही, खड्डे उकरले गेले होते. पण ‘तू काय केलंस’ याच्या जागी ‘तू कोणाचा’ हा प्रश्न तेव्हा आला आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तो संपूर्ण जातींच्या कपाळावर गोंदला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालाकडे वळते, हे मराठवाड्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

हा साचा उलटा कसा करता येतो, ते पाहायला आता जरा लांब जाऊ. अमेरिकेने १८४८ मध्ये मेक्सिकोचा मोठा मुलूख तहात घेतला. तिथली माणसं जागची हलली नाहीत, सरहद्दच त्यांच्या अंगावरून पुढे गेली. निजाम, मुंबई राज्य आणि मग महाराष्ट्र असं एकाच ओसरीवर बसून पाहिलेल्या आपल्या आजोबांना हे लगेच कळलं असतं. या लोकांना हिणवायला वापरला जाणारा ‘चिकानो’ हा शब्द त्यांच्या पोरांनी १९६० च्या दशकात अभिमानाने स्वतःला लावून घेतला. आणि १९८० च्या दशकापासून त्यांच्यातल्या लेखकांनी एक मोलाची गोष्ट केली. हॉलिवूडच्या चित्रपटांत आणि पोलिसांच्या नोंदीत जो कायम संशयित असायचा, त्याला त्यांनी तपास करणारा केला.

लुचा कॉर्पी यांची ‘युलजी फॉर अ ब्राउन एंजल’ ही १९९२ ची कादंबरी घ्या. २९ ऑगस्ट १९७० ला लॉस एंजेलिसमध्ये व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात चिकानोंचा मोठा मोर्चा निघाला, पोलिसांनी तो उधळला आणि रुबेन सालाझार हा पत्रकार पोलिसांच्या अश्रुधुराच्या नळकांड्याने मेला. हा घडलेला इतिहास. कॉर्पी यांची नायिका ग्लोरिया दमास्को हिला त्याच गर्दीत एका लहान मुलाचं प्रेत सापडतं आणि तो तपास पुढे अठरा वर्षं तिची पाठ सोडत नाही. मॅन्युएल रामोस आणि मायकेल नावा हे दोघे स्वतः वकील, त्यांचे नायकही वकील. रुदोल्फो अनाया यांचा नायक सनी बाका अल्बुकर्कीत हिंडतो, तर रोलांडो हिनोहोसा यांनी ‘पार्टनर्स इन क्राइम’मध्ये टेक्सासच्या सरहद्दीवरचा पोलीसच चिकानो ठेवला. या सगळ्यांत खुनी कोण हे कळतंच, पण त्याआधी आपल्या माणसाचा खून कोणी मोजलाच नव्हता, हे कळतं.

आपल्याकडे रहस्यकथेला वाचक कमी नव्हते. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली. त्यांचे झुंजार, काळापहाड आणि धनंजय घरोघर पोचले. गुरुनाथ नाईकांच्या पुस्तकांची संख्याही हजारापलीकडे जाते. सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद आणि बॅरिस्टर अमर विश्वास माझ्या पिढीने एसटीच्या प्रवासात रात्री जागून वाचले. या लेखकांना नाकं मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. त्यांनी आम्हाला वाचायला लावलं. पण त्यांच्या तपासाचा रस्ता बहुतेकदा मुंबई-पुण्याचा आणि बंगल्यांचा. मोंढा, पाल, तांडा त्या रस्त्यावर सहसा लागला नाही.

दुसऱ्या बाजूला अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ आहे, आणि आपल्याच मराठवाड्यातल्या लातूरकडचे लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ आहे. १९८७ चं हे आत्मकथन, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गुन्हेगार ठरवलेल्या जमातीतला माणूस स्वतःच्या तोंडाने बोलला, याचं मोल मला पुरतं ठाऊक आहे. तरीही आत्मकथनात लेखकाला सोसलेलं सांगावं लागतं, जबाब दिल्यासारखं. रहस्यकथेत तो प्रश्न विचारतो. दार ठोठावतो, दप्तर मागतो, फौजदाराला विचारतो की पंचनाम्यावर हे पंच कुठून आले. अमीर अलीपासून जवळजवळ दोनशे वर्षं कबुली देणाऱ्याला टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसवायचं असेल, तर हाच साहित्यप्रकार हवा. तो हलका आहे असं समजून आपल्या गुणी लेखकांनी तो सोडून दिला, ही माझ्या मते मराठीची मोठी चूक आहे.

आणि मालमसाला तर इथे जागोजाग पडलाय. वसमतच्या हळदीच्या बाजारात दर ठरतो ती सकाळ. फेरफार झाल्यावर सातबाऱ्यावरून गायब होणारं म्हातारीचं नाव. उचल घेऊन ऊसतोडीला गेलेली आणि हंगाम संपला तरी न परतलेली जोडी, जिची हरवल्याची नोंद कुठल्या ठाण्यात करायची यावरच दोन जिल्हे भांडतात. कळमनुरीच्या आंध आदिवासींच्या वाड्या. पैनगंगा ओलांडली की विदर्भ, आणि १८५३ नंतर तर तिथे इंग्रजांचा अंमल होता, म्हणजे ऐतिहासिक रहस्यकथेला सरहद्दसुद्धा तयार. तपास करायला पारध्यांच्या पालावर वाढलेली, हिंगोलीच्या कोर्टात नुकती सनद घेऊन उभी राहिलेली वकील पोरगी असावी, असं मला फार वाटतं. पहिलाच खटला तिला हरीसिंगाच्या ओढ्यापाशी घेऊन गेला तर?

ती कादंबरी मी लिहू शकत नाही, ते आयुष्य माझं नाही. पण हिंगोली, सेनगाव, औंढा, वसमत, कळमनुरी या पाच तालुक्यांत ती लिहू शकणारी मुलं-मुली नक्की आहेत. वहीत काही सुरू केलं असेल तर पहिलं प्रकरण या स्तंभाकडे पाठवा. अक्षर कसंही असो, बोली तुमच्या घरची असो, मी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचीन आणि उत्तर देईन.