आम्हाला घर विकू नका, भाड्यानं द्या

"मग बदलापूरला घे की!" मुंबईत घराचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. पाठोपाठ दुसरं येतं, "शेवटी कुठं राहायचं हा ज्याचा त्याचा चॉइस." असा सल्ला देणारा बहुतेक वेळा मुलुंड नाहीतर बोरिवलीत, वडिलांनी पूर्वी स्वस्तात घेतलेल्या घरात राहत असतो.

चॉइस म्हणता? मग हिशोब मांडू. माझं ऑफिस अंधेरी पूर्वेला. बदलापूरहून घाटकोपरपर्यंत लोकल, तिथं मेट्रोसाठी रांग, पुढं शेअर रिक्षा. एका बाजूचे दोन तास धरा. दिवसाचे चार, महिन्यातल्या २२ दिवसांचे ८८. म्हणजे आठ तासांच्या ११ शिफ्ट, त्याही बिनपगारी. लांबचं घर स्वस्त नसतं, त्याची उरलेली किंमत आपण आयुष्यातून भरतो. कुणी जिवानिशीही भरतं. ९ जून २०२५ला मुंब्र्याला खच्चून भरलेल्या लोकलच्या दारातून माणसं पडली आणि मेली. तीही ऑफिसलाच निघाली होती.

मी मरोळला दोघांबरोबर टू-बीएचके शेअर करतो. पगाराचा तिसरा हिस्सा भाड्यात जातो, दर ११ महिन्यांनी करार संपतो आणि ब्रोकरचा फोन येतो. घाटकोपरच्या एका सोसायटीनं 'बॅचलर नको' म्हणून दारातूनच परत पाठवलं होतं. तरी माझं भागतं, कारण मी इंजिनिअर आहे. आमच्या ऑफिसच्या गेटवर बारा तास उभा राहणारा वॉचमन नालासोपाऱ्याहून येतो. त्याचा चॉइस कुठला?

घरंच कमी आहेत म्हणावं, तर तेही पूर्ण खरं नाही. २०११च्या जनगणनेच्या आधारे केंद्राच्या २०१७-१८च्या आर्थिक पाहणी अहवालात मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी असल्याची नोंद आहे. घर राहण्यासाठी नसून पैसा ठेवण्यासाठी असतं, हे या शहरानं कधीच मान्य करून टाकलंय.

पण मुंबई मुळात भाडेकरूंचीच होती. गिरणी कामगार कामाच्या जागेपासून चालत जाता येईल अशा खोल्यांत भाड्यानं राहायचे. १९२०च्या दशकात सरकारनंच वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडीला बीडीडी चाळी बांधल्या. त्याच दशकात व्हिएन्ना महापालिकाही कामगारांसाठी भाड्याची घरं बांधत होती. आज त्या महापालिकेकडे सुमारे २ लाख २० हजार घरं आहेत आणि ती भाड्यानंच दिली जातात. आपण मात्र पुनर्विकासात बीडीडीच्या १६० चौरस फुटांऐवजी ५०० चौरस फुटांची मालकीची घरं देतोय. त्या रहिवाशांना ती मिळायलाच हवीत. पण उद्या शहरात येणाऱ्या कामगारासाठी सरकारच्या हातात काय उरलं?

प्रयत्न झालाच नाही असंही नाही. २००८ साली एमएमआरडीएनं भाड्याच्या घरांची योजना आणली. बिल्डरला जादा एफएसआय द्यायचा आणि बदल्यात १६० चौरस फुटांची घरं घ्यायची. पुढं सरकारनं धोरणच बदललं आणि भाड्याच्या जागी विक्रीची 'परवडणारी' घरं आली. पनवेलजवळच्या कोनमधली अशीच घरं, दोन-दोन जोडून, २०१६च्या लॉटरीत गिरणी कामगारांना विकली. राबले परळ-लालबागला, घर मिळालं पनवेलला!

"भाड्याचा प्रयोग १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यानं फसलाय," असं कुणी म्हणेल. तो आक्षेप योग्य आहे. भाडी १९४०च्या पातळीवर गोठवल्यावर मालकांनी डागडुजी सोडली, भाड्यासाठी नवं बांधणंही सोडलं. पण त्यातून धडा एवढाच निघतो की भाडं गोठवू नये. भाड्याची घरं बांधूच नयेत, असा अर्थ त्यातून कसा निघतो?

म्हणून मागणी साधी आहे. उपनगरांत रेल्वे आणि मेट्रो स्टेशनांजवळच्या सरकारी जमिनींवर अशी घरं बांधा, जी कधीच विकली जाणार नाहीत. भाडं उत्पन्नाच्या प्रमाणात असू दे आणि दरवर्षी थोडं वाढू दे, म्हणजे देखभालीला पैसे राहतील. करार पाच वर्षांचा करा. केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचं डिपॉझिट सांगितलंय, ते इथं लागू करा. आणि यादीत आमच्या वॉचमनचं नाव माझ्या आधी येऊ द्या.

"भाडं म्हणजे पाण्यात घातलेले पैसे," असं घरचे सांगतात. मग वीस वर्षांचा ईएमआय भरताना लोकलच्या दारात घालवलेले तास कुठं घातले म्हणायचं?

पुढच्या निवडणुकीत कुणी 'सर्वांना हक्काचं घर' घेऊन दारात आलं, तर टाळ्या वाजवायच्या आधी तीन प्रश्न विचारा. भाड्याची किती? कुठल्या स्टेशनपासून किती मिनिटांवर? आणि दहा वर्षांनी ती विकणार नाही, याची हमी काय?