जलाशयावरचे पाहुणे

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि साधू-साध्वींचा विहार सुरू होतो. त्याच सुमारास जालना जिल्ह्यातील जलाशयांवर दूरदेशीचे पक्षी उतरू लागतात. लडाख, तिबेट, मध्य आशिया, सायबेरिया येथील पाणवठे गोठू लागले की हे जीव दक्षिणेची वाट धरतात आणि मार्चच्या सुमारास परततात.

जालनेकरांना जवळचा जलाशय म्हणजे घाणेवाडी. निजामकाळात कुंडलिका नदीवर बांधलेल्या या तलावाने शहराची तहान पिढ्यान्‌पिढ्या भागवली. शहरातील व्यापारी, उद्योजक आणि नागरिकांनी पदरमोड करून त्यातील गाळ उपसण्याचे काम हाती घेतले. त्या श्रमांतून साठलेल्या पाण्यावर पक्ष्यांचाही वाटा आहे.

हिवाळ्यात जिल्ह्यातील तलावांच्या काठी सकाळी तासभर बसले तरी पुष्कळ दिसते. हळदीकुंकू बदक येथलेच. त्याच्या काळ्या चोचीचे टोक पिवळे आणि बुडाशी लाल ठिपके, म्हणून हे नाव. टिबुकली क्षणात बुडी मारते व भलतीकडेच वर येते. लाल लांब पायांचा शेकाट्या उथळ पाण्यात किडे टिपतो. पाहुण्यांमध्ये केशरी-तांबूस चक्रवाक आणि पसरट चोचीने पाणी गाळून अन्न वेचणारा थापट्या असतो. जायकवाडीच्या नाथसागरावर तर हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंसही उतरतात; १९८६ पासून तो जलाशय पक्षी अभयारण्य आहे.

या मुक्कामात पक्ष्याला एकच व्यवहार सांभाळायचा असतो. दिवसभर खाऊन अंगात चरबी साठवायची आणि तिच्या बळावर हजारो किलोमीटर परतायचे. ही चरबी म्हणजे त्याची शिल्लक. जवळून छायाचित्र मिळावे म्हणून कोणी थवा उठवला, मोठ्याने गाणी लावली, ड्रोन उडवला, की प्रत्येक उड्डाणाबरोबर त्या शिलकीतून खर्च पडतो आणि चरण्याचा वेळही बुडतो. असे दिवसातून दहा वेळा घडले, तर परतीच्या प्रवासाला पुंजी कोठून उरणार?

जीवदयेच्या भावनेने पाण्यात पाव, फरसाण टाकणारेही असतात. हेतू चांगला, परंतु पाणवनस्पती, बिया, किडे, शंख-शिंपले हे या पक्ष्यांचे अन्न तलावातच असते. न खाल्लेला पाव पाण्यात कुजतो, आणि हेच पाणी पुढे घरोघरी नळाला येते.

म्हणून सहलीला जरूर जावे, मुलांना आवर्जून न्यावे. सूर्योदयानंतरची वेळ उत्तम. कपडे मातकट रंगाचे असावेत, सूर्य पाठीशी असावा, एक दुर्बीण सर्वांनी आळीपाळीने वापरावी. पक्ष्यांनी माना उंचावून एकाच दिशेला पाहिले, तर आपण फार जवळ आलो, असे समजून दोन पावले मागे घ्यावीत. शिदोरीचे कागद, पिशव्या परत घरी आणाव्यात. मुलांनी पाहिलेल्या पक्ष्यांची नावे तारखेसह वहीत लिहावीत. पुढल्या वर्षी तीच वही उघडून कोण आले आणि कोण आले नाही, हे पडताळता येते.

दाणे टाकण्यास ओंजळभर धान्य पुरते. येथे मात्र अंतर राखणे आणि शांत बसणे, हेच दान ठरते.