'मुरगांव' ही युद्धनौका आपली किती ?

ता. 18 डिसेंबर 2022 रोजीं मुंबईच्या नौदल गोदींत 'मुरगांव' ही विनाशिका भारतीय नौदलांत दाखल झाली. तेव्हांपासून आमच्या विद्यार्थ्यांच्या निबंधाच्या वह्यांत 'ही नौका सर्वस्वीं आपल्या देशांत निर्माण झाली' हें वाक्य आम्हांस वारंवार वाचावयास मिळतें. वाचून आनंद होतो. परंतु 'सर्वस्वीं' या शब्दाखालीं तांबड्या शाईची रेघ ओढल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. असें कां, तें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढ्याचसाठीं हा लेख.

प्रथम नौकेविषयीं. माझगांव गोदींत बांधलेल्या या नौकेस गोव्यांतील मुरगांव बंदराचें नांव दिलें आहे, आणि चांचणीकरितां ती प्रथम समुद्रांत निघाली तो दिवस 19 डिसेंबर 2021, म्हणजे गोवा मुक्त झाल्यास बरोबर 60 वर्षें पूर्ण झालीं तो. लांबी 163 मीटर. फुटबॉलचीं दीड मैदानें एकापुढें एक मांडावीं तेवढी. भार सुमारें 7,400 टन. एवढें धूड ताशीं 55 किलोमीटरांच्या वेगानें पाणी कापीत जातें. पोटांत 16 'ब्राह्मोस' क्षेपणास्त्रें शत्रूच्या जहाजांकरितां, व आकाशांतून येणाऱ्या संकटाकरितां 32 निराळीं. एका विद्यार्थ्यानें त्यांस दिवाळींतील बाणांची उपमा दिली आहे. उपमा गोड आहे. पण बाटलींतून सुटलेला बाण कोणाच्या अंगणांत पडेल हें सोडणारासही ठाऊक नसतें, आणि क्षेपणास्त्र वाटेंत आपली दिशा आपणच सुधारत जातें. भेद सारा येथेंच आहे.

या नौकेचें खरें सामर्थ्य कशांत आहे, हें एका साध्या हिशेबानें कळेल. पृथ्वी वाटोळी असल्यामुळें, लाटांना जवळजवळ लगटून येणारें क्षेपणास्त्र डोलकाठीवरील रडारलाही तीस-पस्तीस किलोमीटरांच्या अलीकडे आल्यावरच दिसतें. ब्राह्मोससारख्या अस्त्राचा वेग ध्वनीच्या सुमारें पावणेतीनपट, म्हणजे सेकंदास जवळजवळ एक किलोमीटर. तेव्हां वेळ उरला अर्ध्या मिनिटाच्या आसपास! आमच्या वर्गांत तेवढ्या वेळांत निम्मी हजेरीही होत नाहीं. तेवढ्यांत शत्रूचें अस्त्र ओळखावयाचें, त्याचा मार्ग गणितानें काढावयाचा, आपलें अस्त्र सोडावयाचें व तें अचूक नेऊन भिडवावयाचें. हें काम मनुष्याच्या हातांचें नव्हे. तें यंत्रें करतात, आणि तीं यंत्रें नीट राखणें हें मनुष्याचें काम.

आतां प्रश्न असा कीं, यांत आपलें किती ? नौकेचा आराखडा नौदलाच्या स्वतःच्या कचेरींतील अभियंत्यांनीं काढला. पोलाद आपलें : हैद्राबादच्या धातुसंशोधन प्रयोगशाळेनें त्याची घडण शोधून काढली व आपल्याच कारखान्यांनीं तें ओतलें. पाण्याखालील पाणबुडीचा कानोसा घेणारें यंत्र आपलें. मात्र ब्राह्मोस रशियाच्या भागीदारीनें झालें आहे, आणि हवाई संरक्षणाचीं अस्त्रें इस्रायलच्या. एकंदरींत पाऊण हिस्सा स्वदेशी, असा सरकारी हिशेब आहे. पाऊण हा कांहीं थोडाथोडका हिस्सा नव्हे. 1972 सालीं याच माझगांव गोदींतून 'निलगिरी' नौदलांत दाखल झाली, तेव्हां तिचा आराखडा देखील ब्रिटिश होता.

परंतु उरलेल्या पावांत काय आहे, तें पाहा. या नौकेस चालविणारीं चारही गॅस टर्बाइन एंजिनें युक्रेनची आहेत. 2022 च्या फेब्रुवारींत त्या देशावर युद्ध कोसळलें. ज्या मिकोलायीव्ह शहरीं हीं एंजिनें होतात, तेंही त्या आगींत सांपडलें. कोठल्या कोठें पेटलेली आग, पण तिची झळ माझगांवच्या हिशेबवहीस लागते! एंजिनाचें पातें करणें सोपें नाहीं, हें आम्ही जाणतों. आधुनिक टर्बाइनांत पात्यावरून जाणारा वायु पात्याचा धातु वितळेल त्याहूनही अधिक तप्त असूं शकतो. पात्याच्या पोटांत केसासारखे मार्ग ठेवून त्यांतून वारा खेळवितात, म्हणून तें टिकतें. ही विद्या कोणी कोणास सुखासुखीं शिकवीत नाहीं. बंगळूर येथें 'कावेरी' एंजिनावर अनेक वर्षें परिश्रम झाले, तरी आपल्या 'तेजस' विमानांत अमेरिकन एंजिनच बसवावें लागलें.

मुंबईनें हा धडा एकदां गिरविला आहे. 1736 सालीं सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हे जहाजबांधणीचे कारागीर येथें आले. त्यांच्या घराण्यानें सागवानाचीं अशीं जहाजें बांधलीं कीं, 1817 सालीं पाण्यांत सोडलेलें 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे. पुढें वाफ आली, लोखंड आलें. त्याच घराण्यांतील अर्देशीर कर्सेटजींनीं वाफेच्या यंत्राची विद्या मिळविली, व 1841 सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस सभासद करून घेतलें. पण एकट्या अर्देशीरांनीं काय होणार! गोदीभर कारागीर लांकडाचे; यंत्रें परक्यांचीं. सागवानाच्या जहाजांची ती कीर्ति वाफेच्या युगांत ओसरून गेली.

म्हणून आमचें म्हणणें पालकांस थोडें कडू लागेल. शुभ्र गणवेषांतील नौदल अधिकारी व्हावें, असें वाटणारीं मुलें-मुली आमच्याकडे पुष्कळ आहेत, आणि आम्हांस त्यांचें कौतुक आहे. परंतु धातूची भट्टी पाहावी, पोलादाचा सांधा कां तडकतो तें शोधावें, असें म्हणणारें मूल विरळा. आणि म्हणालेंच, तर घरून चिठ्ठी येते कीं, कार्यशाळेच्या तासास हात काळे होतात, त्याऐवजीं गणिताची शिकवणी द्यावी. गणित पाहिजेच. परंतु पातें कागदावर ओततां येत नाहीं.

ता. 15 जानेवारी 2025 रोजीं याच मालिकेंतील चौथी नौका नौदलांत आली. लवजींच्या गांवाचें, 'सुरत' हें नांव तिला मिळालें आहे. एंजिनें तिचींही युक्रेनचींच. आमच्या कार्यशाळेंतील लेथ मात्र शनिवारीं दुपारीं बहुधा रिकामा असतो.