भुकेची नोंद पुरे, ताटाचे बोला

कर्करुग्णाने दिवसभरात काय खाल्ले, वजन किती उतरले, याचा हिशेब ठेवणारी ॲप्स आता मोबाईलवर आली आहेत. त्यांना विरोध करण्याचे कारण नाही. केमोथेरपीच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात रुग्ण गावी असतो. तोंड आलेले असते, अन्नावरची वासना उडालेली असते. घटते वजन आहारतज्ज्ञाला वेळीच कळले तर उपाय करता येतो. प्रश्न साधनाचा नाही. नोंद झाल्यावर पुढे काय, हा आहे.

युरोपातील पोषणतज्ज्ञांच्या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे कर्करुग्णाला दर किलो वजनामागे रोज १ ग्रॅमहून अधिक, शक्य तर १.५ ग्रॅमपर्यंत प्रथिने द्यावीत असे सांगतात. म्हणजे ५० किलोच्या माणसाला ५० ते ७५ ग्रॅम. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबातील माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळते, दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम. त्यातून २० ग्रॅमही प्रथिने मिळत नाहीत. ज्याची रोजंदारी बुडाली, त्याने उरलेली डाळ, अंडी, दूध कोठून आणावे? 'प्रथिने कमी पडली' असा इशारा त्याला देणे म्हणजे दारिद्र्याचे खापर रुग्णाच्याच माथी फोडणे होय. सल्ला फुकट आणि पोषणाची भुकटी विकत, हा व्यवहार बाजाराला सोयीचा आहे, कष्टकऱ्याला नव्हे.

यंत्र ताटापर्यंत पोचू शकत नाही, असे मात्र नाही. एप्रिल २०१८ पासून क्षयरुग्णाची नोंद 'निक्षय' या सरकारी संगणकीय प्रणालीत झाली की पोषणासाठी दरमहा ५०० रुपये त्याच्या बँक खात्यात जमा होऊ लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये झाली. पैसे उशिरा पोचल्याच्या तक्रारी झाल्या, रक्कमही अपुरीच आहे. तरीही नोंद आणि हक्क यांची सांगड घालता येते, हे तेथे सिद्ध झाले. मग कर्करुग्णाला असा देशव्यापी पोषणाधार का नसावा?

सबब मागणी स्पष्ट हवी. रुग्णालयातील नोंद शिधापत्रिकेशी जोडा. गावी असो वा उपचाराच्या शहरी, रुग्णाला धान्याबरोबर डाळ, तेल, अंडी द्या. मोबाईलमागे पगारी आहारतज्ज्ञ बसवा. रुग्णाच्या आजाराची माहिती कोणत्याही कंपनीच्या हाती जाऊ देऊ नका. कार्यकर्त्यांनी ही मागणी रेशन दुकानापासून विधिमंडळापर्यंत नेली पाहिजे. उपासमारीची अचूक आकडेवारी म्हणजे अन्न नव्हे.