रिस्टोर करून पाहिलेला बॅकअपच ग्राह्य धरा : सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरांचे मागणीपत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कुलसचिव, मुख्याधिकारी व व्यवस्थापकीय संचालक,
आमचे सभासद ज्यांचे युनिक्स व लिनक्स सर्व्हर सांभाळतात अशा सर्व संस्था

विषय : कोसळलेला सर्व्हर बॅकअपमधून पुन्हा उभा करण्याच्या व्यवस्थेबाबत

महोदय / महोदया,

पगारपत्रके, विद्यार्थ्यांचे निकाल, रुग्णांच्या नोंदी, ठेवीदारांची खाती ज्या सर्व्हरवर असतात ते चालू ठेवणे हे आमच्या सभासदांचे काम आहे. संस्थेत बॅकअपची चौकशी होते ती एकाच प्रश्नाने : काल रात्रीचा बॅकअप झाला का? ‘यशस्वी’ असा मेल दाखवला की तपासणी संपते. खरे विचारायला हवे ते वेगळेच : या फायलींतून सर्व्हर उभा राहतो का, त्याला किती तास लागतात, आणि हे शेवटचे कधी करून पाहिले? पुढील सर्व मागण्या या तीन प्रश्नांतून निघाल्या आहेत.

मागण्यांमागची भूमिका

फाइल सिस्टीमचा बॅकअप म्हणजे अख्खा सर्व्हर, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात त्यात फक्त फायली असतात. डिस्कची पार्टिशन कशी होती, लॉजिकल व्हॉल्यूम किती आकाराचे होते, बूटलोडर कुठे बसवला होता, हे टार किंवा डंप या बॅकअप साधनांच्या फायलींतून आपोआप परत येत नाही. डिस्क गेली की आधी यंत्र रेस्क्यू मोडमध्ये चालू करावे लागते, पार्टिशन आखावी लागतात, नवी फाइल सिस्टीम तयार करून ती माउंट करावी लागते. मग कुठे पहिली फाइल परत येते.

डंपचा बॅकअप असेल तर आधी शून्य पातळीचा पूर्ण बॅकअप चढवायचा आणि नंतर वाढीव बॅकअप, ते घेतले त्याच क्रमाने. मधला एक हरवला की साखळी तुटते. दोन टप्प्यांच्या दरम्यान रिस्टोर ही आज्ञा ‘रिस्टोरसिमटेबल’ ही फाइल ठेवते. बिनकामाची समजून ती कोणी पुसली, तर पुढचा वाढीव बॅकअप चढत नाही. टारची अडचण निराळी. रेस्क्यू मोडमधल्या सिस्टीमची वापरकर्त्यांची यादी आपल्या सर्व्हरच्या यादीशी जुळत नाही. फायलींची मालकी क्रमांकानुसार परत आणण्याचा पर्याय दिला नाही, तर काही फायली भलत्याच खात्याच्या नावावर जातात आणि सगळा डेटा जागेवर असूनही डेटाबेस सुरू होत नाही.

फायली आल्यानंतरही काम उरते. नव्या फाइल सिस्टीमचा यूयूआयडी (ओळखक्रमांक) नवा असतो, काय कुठे माउंट करायचे ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये जुनाच लिहिलेला असतो. तो बदलला नाही तर सर्व्हर बूट होताना मध्येच थांबतो. प्रॉक आणि सिस या डिरेक्टरींतला मजकूर बॅकअपमधून वगळणे योग्यच, पण त्या रिकाम्या डिरेक्टरी जागेवर लागतात. यंत्र नवे असेल आणि त्याच्या डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर बूट होताना आधी लोड होणाऱ्या जुन्या इनिटरॅमएफएसमध्ये नसेल, तर कर्नलला रूट फाइल सिस्टीमच सापडत नाही. यातली प्रत्येक पायरी शिकता येते. ती सर्व्हर बंद पडल्यावर, सगळे विभाग खोळंबलेले असताना प्रथमच शिकावी लागू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

मागण्या

१. दर तीन महिन्यांनी रिस्टोरचा पूर्ण सराव व्हावा.
कोऱ्या डिस्कवर सर्व्हर उभा करावा, संबंधित विभागाच्या कर्मचाऱ्याने लॉगिन करून नोंदी तपासाव्यात आणि लागलेला वेळ लिहून ठेवावा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा होता, बॅकअप घेणारे साधन मात्र ९.२ चे चालत होते; त्यामुळे बॅकअप होतच नव्हता. तसे कळवणारे मेलही वाटेत नाकारले जात होते. दुसऱ्या कामासाठी सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट उपयोगी पडला, म्हणून नुकसान तेवढ्यावर निभावले. एक सराव झाला असता तर हा दोष त्याच दिवशी उघडा पडला असता.

२. रिस्टोरसाठी स्वतंत्र यंत्र आणि राखीव डिस्क द्यावी.
राखीव डिस्क नसली की बिघडलेल्या डिस्कवरच नवी फाइल सिस्टीम तयार करण्याचा दबाव येतो. शेवटच्या बॅकअपनंतरचे काम त्याच डिस्कवर असते. तिची जशीच्या तशी प्रत घेण्याआधी तिच्यावर फाइल सिस्टीम तपासणारा एफएससीकेसुद्धा चालवू नये, कारण दुरुस्ती करताना तो डिस्कवर लिहितो. वेळेचा हिशोबही मांडतो : २ टेराबाइट डेटा सेकंदाला १०० मेगाबाइट वेगाने आणायला साडेपाच तास लागतात, आणि लाखो लहान फायली असतील तर त्याहून जास्त. गिटलॅबला स्नॅपशॉटची प्रत आणण्यातच सुमारे १८ तास गेले. ‘तासाभरात चालू करा’ असा आदेश देण्यापूर्वी हे आकडे आपल्या टेबलावर असावेत.

३. डेटाबेसचा बॅकअप वेगळा घ्यावा.
चालू डेटाबेसच्या फायली टारने उचलल्या तर पहिली फाइल एका क्षणाची आणि शेवटची दुसऱ्याच क्षणाची असते. त्यांतून सुसंगत डेटाबेस उभा राहील याची हमी नसते. म्हणून डेटाबेसच्याच साधनाने घेतलेली प्रत अनिवार्य करावी.

४. बॅकअपची एक प्रत मूळ सर्व्हरच्या रूटलाही (सर्वाधिकारी खात्यालाही) पुसता येणार नाही अशा ठिकाणी ठेवावी.
बॅकअपची स्क्रिप्ट बहुधा रूटच्या अधिकाराने चालते, म्हणून ती स्वतःच घात करू शकते. डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरवर बॅकअपची स्क्रिप्ट चालू असतानाच बदलली गेली. स्क्रिप्ट चालवणाऱ्या बॅशने ती बदललेली फाइल मधूनच वाचली आणि जुने लॉग पुसण्याची आज्ञा संशोधकांच्या फायलींवर चालली. सुमारे ७७ टेराबाइट डेटा गेला. चार संशोधनगटांचा डेटा बॅकअपमधूनही परत मिळण्याजोगा नव्हता. म्हणून स्क्रिप्टमधला प्रत्येक बदल दुसऱ्या जाणकाराने तपासल्याशिवाय लागू होऊ नये. एन्क्रिप्ट केलेल्या बॅकअपची किल्ली त्याच सर्व्हरवर ठेवणेही बंद व्हावे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे असतात. ते दुसऱ्या यंत्रावर जात नसतील तर सर्व्हरबरोबर तेही जातात.

५. प्रत्येक सर्व्हरची कार्यपुस्तिका छापील स्वरूपात ठेवावी.
डिस्कची रचना, व्हॉल्यूमचे आकार, एफएसटॅब, नेटवर्कचे पत्ते, बूटलोडरची जागा, रिस्टोरच्या आज्ञा क्रमाने, आणि कोणती सेवा आधी सुरू करायची हे तीत असावे. जी पुस्तिका फक्त बंद पडलेल्या सर्व्हरवर आहे, ती त्या दिवशी कोणालाच वाचता येत नाही. प्रत्येक सरावानंतर ती दुरुस्त व्हावी.

६. प्रत्येक सर्व्हरमागे किमान दोन प्रशिक्षित माणसे असावीत.
बहुतेक ठिकाणी सगळी माहिती एकाच माणसाच्या डोक्यात असते. त्याला रजा मिळत नाही आणि आपत्तीत विश्रांती मिळत नाही. थकलेल्या माणसाने रूट म्हणून दिलेली आज्ञा परत घेता येत नाही. रिस्टोर १२ तासांहून अधिक चालल्यास दुसऱ्या माणसाकडे सूत्रे द्यावीत, जादा कामाचा मोबदला किंवा बदली रजा द्यावी, आणि जुना डेटा स्वीकारायचा की वाट पाहायची हा निर्णय कोणाचा, हे आधीच लेखी ठरवावे.

७. चौकशी व्यवस्थेची व्हावी.
गिटलॅबने आपला दोष जाहीरपणे मांडला आणि बॅकअप तपासण्याची जबाबदारीच कोणावर सोपवलेली नव्हती, हे मान्य केले. आमच्या सभासदांना मात्र प्रथम कारणे दाखवा नोटीस मिळते. नोटिशीच्या भीतीने माणूस बिघाड लपवतो, आणि लपलेला बिघाड पुढच्या रिस्टोरमध्ये बाहेर येतो. हेतुपुरस्सर कृत्य वगळता, प्रामाणिकपणे कळवलेल्या चुकीवर शिस्तभंगाची कारवाई होऊ नये.

आमची जबाबदारी

या मागण्या मान्य झाल्यास आमचे सभासद प्रत्येक सरावाचा अहवाल, फसलेल्या पायऱ्यांसह, सात दिवसांत देतील. सराव कार्यालयीन वेळेबाहेर घेण्यास आणि नव्या सहकाऱ्यांना शिकवण्यास आम्ही तयार आहोत. पाचव्या मागणीला फारसा खर्च नाही. ती तत्काळ सुरू करता येईल. यंत्र, डिस्क आणि मनुष्यबळाची तरतूद येत्या अंदाजपत्रकात व्हावी.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रत्येक मागणीवर लेखी उत्तर मिळावे आणि त्यात पहिल्या सरावाची तारीख असावी, ही विनंती. ती तारीख ठरेपर्यंत ‘बॅकअप यशस्वी’ या शेऱ्यावर आमचे सभासद सही करताना ‘रिस्टोर तपासलेला नाही’ असे त्यापुढे लिहितील.

आपले विश्वासू,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी
सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कर्मचाऱ्यांच्या संघटनेकरिता